तुरुंगातल्या माणसाची मुलाखत: घरच्यांकडून नेहमी येणारे प्रश्न

ही उत्तरं मुख्यतः महाराष्ट्रातल्या कारागृहांपुरती आहेत. दिल्लीचे नियम वेगळे, गोव्याचे वेगळे. शेवटचा प्रश्न तेवढा देशाबाहेरचा आहे. कारागृहात बंद्याला भेटण्याला मुलाखत म्हणतात. तिचे दिवस आणि वेळा प्रत्येक कारागृहात थोड्या बदलतात, म्हणून आकड्यांपेक्षा कायदा कुठे बोलतो आणि गेटवरचा प्रघात कुठे सुरू होतो, ते सांगण्यावर भर दिला आहे. घरच्यांची अर्धी पायपीट या दोन गोष्टींची गल्लत झाल्यामुळे होते.

काल रात्री अटक झाली. आज भेटता येईल का?

बहुतेक वेळा नाही, निदान निवांत तरी नाही. अटक झाल्यावर माणूस आधी पोलीस कोठडीत असतो, ज्याला कोर्टाच्या आवारात सगळे पीसीआर म्हणतात. तिथे नातेवाइकांच्या भेटीचा ठरलेला वार नसतो. पण तुम्हाला कळवणं पोलिसांना टाळता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 48 सांगतं की अटक केलेल्या माणसाने नाव दिलेल्या नातेवाइकाला किंवा मित्राला अटकेची आणि तो कुठे आहे याची माहिती द्यायची. कलम 38 प्रमाणे चौकशीदरम्यान त्याला वकिलाला भेटता येतं, मात्र पूर्ण चौकशीभर वकील शेजारी बसू शकत नाही.

चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ वगळून, त्याला दंडाधिकाऱ्यासमोर आणावंच लागतं. घरच्यांनी त्या दिवशी कोर्टात हजर राहावं. तब्येत कशी आहे, अंगावर मार दिसतो का, औषधं चालू आहेत का, हे तिथे डोळ्यांनी पाहता येतं आणि वकिलामार्फत न्यायाधीशांच्या कानावर घालता येतं. पोलीस कोठडीत भेट हवी असेल तर त्याच वेळी कोर्टाकडे परवानगी मागा. पीसीआर संपून एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी लागली की तो कारागृहात जातो आणि खरी मुलाखत तिथून सुरू होते. कुठल्या कारागृहात पाठवलं, हे वकिलाकडून किंवा कोर्टाच्या कारकुनाकडून त्याच दिवशी विचारून घ्या. मुंबई परिसरात आर्थर रोड, ठाणे, तळोजा, कल्याण आणि महिलांसाठी भायखळा, इतक्या ठिकाणी शोधत फिरण्यात आठवडा जातो.

मुलाखत हा हक्क आहे की साहेबांची मेहेरबानी?

हक्क आहे. तो कुठून आला हे थोडं सविस्तर सांगतो, कारण खिडकीवर वाद झाला तर हेच उपयोगी पडतं.

पहिला धागा ब्रिटिशांच्या काळातला. 1894 च्या तुरुंग कायद्याचं कलम 40 सांगतं की खटला चालू असलेल्या बंद्याला ज्यांना भेटायचं आहे, त्यांना योग्य वेळी आणि योग्य निर्बंधांसह आत येऊ देण्याची सोय करायची. वकिलाची भेट शक्यतो तिसरा माणूस हजर नसताना व्हावी, हेही तिथेच आहे. म्हणजे वसाहतीच्या राज्यालासुद्धा भेट पूर्ण नाकारता आली नव्हती.

दुसरा धागा सर्वोच्च न्यायालयाचा. तिहारमधल्या सुनील बत्रा या बंद्याने दुसऱ्या एका बंद्याच्या छळाबद्दल न्यायालयाला पत्र लिहिलं आणि त्या पत्रालाच याचिका मानलं गेलं. डिसेंबर 1979 च्या त्या निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी कुटुंबाच्या भेटींना कोंडलेल्या माणसाचा दिलासा मानलं आणि तो हिरावून घेणाऱ्या व्यवस्थेवर कडक कोरडे ओढले. त्यानंतर जानेवारी 1981 मध्ये फ्रान्सिस कोरॅली मुलीन प्रकरण आलं. ही ब्रिटिश महिला तस्करीविरोधी कायद्याखाली तिहारमध्ये स्थानबद्ध होती. तिला लहान मुलगी होती आणि घरच्यांची भेट महिन्यातून एकदाच मिळत होती. न्यायमूर्ती भगवती यांनी ती अट रद्द केली. जगण्याचा हक्क म्हणजे फक्त श्वास चालू असणं नव्हे, माणसाच्या प्रतिष्ठेने जगणं त्यात येतं, आणि घरच्यांना व मित्रांना भेटणं हा त्या जगण्याचा भाग आहे, असं त्यांनी राज्यघटनेच्या कलम 21 चा आधार घेऊन म्हटलं. स्थानबद्ध व्यक्तीला आठवड्यातून किमान दोन भेटी मिळाव्यात, हे त्याच निकालात आहे.

तिसरा टप्पा 15 सप्टेंबर 2017 चा. कारागृहांतल्या अनैसर्गिक मृत्यूंचा विचार करताना सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना सांगितलं की कुटुंबाच्या भेटींना उत्तेजन द्या, त्यांची वेळ आणि संख्या वाढवता येते का ते पाहा, फोन आणि व्हिडिओ कॉलचाही विचार करा. भेटींचा संबंध थेट आत्महत्या रोखण्याशी जोडला गेला. माझ्या मते तीन निकालांत हाच सगळ्यात कामाचा, कारण तो प्रशासनाला त्याच्याच भाषेत पटतो: भेट झाली की बॅरक शांत राहते.

हक्क आहे म्हणजे अमर्याद आहे असं मात्र नाही. वार, वेळ, माणसांची संख्या, झडती हे ठरवणं राज्याच्या हातात आहे. दिल्लीत आठवड्याला दोन भेटींच्या मर्यादेला आव्हान दिलं गेलं होतं. न्यायालयांनी ती मर्यादा मोडली नाही.

किती वेळा आणि किती वेळ भेटता येतं?

महाराष्ट्रात साधारण प्रघात असा: कच्च्या कैद्याला, म्हणजे ज्याचा खटला चालू आहे त्याला, आठवड्यातून एकदा, शिक्षा लागलेल्याला पंधरा दिवसांतून एकदा. वेळ वीस मिनिटांच्या आसपास. रविवारी आणि सार्वजनिक सुट्टीला मुलाखत बहुधा बंद असते. शिक्षा नुकतीच लागली असेल आणि अपिलाची किंवा जामिनाची तयारी करायची असेल, तर जादा भेटीसाठी अधीक्षकांना अर्ज करता येतो. आजारपण, घरातला मृत्यू, मालमत्तेचे तातडीचे कागद यांसाठीही करता येतो. तोंडी विनंती गेटवर विरून जाते. अर्ज लेखी द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या.

कोण कोण भेटू शकतं? आमचं लग्न झालेलं नाही.

नियमांची भाषा नातेवाईक आणि मित्र दोघांना सामावून घेते. गेटवर मात्र "रक्ताचं नातं आहे का?" एवढंच विचारलं जातं. घरच्यांच्या मर्जीविरुद्ध आंतरजातीय लग्न केलेली, नोंदणी न झालेली जोडपी, सोबत राहणारे जोडीदार या प्रश्नात अडकतात. यावर सगळ्यात सोपा तोडगा आतून निघतो. दाखल होताना बंद्याकडून भेटायला येणाऱ्यांची नावं घेतली जातात. तुमचं नाव त्याने तिथे सांगितलेलं असलं की अर्धं काम होतं. नसेल तर त्याने आत अर्ज करून ते जोडून घ्यावं. वकिलाकरवी निरोप पाठवा.

समलिंगी जोडीदार आणि तृतीयपंथी व्यक्तींच्या बाबतीत केंद्रीय गृह मंत्रालयाने जुलै 2024 मध्ये राज्यांना पत्र पाठवून भेटीत भेदभाव करू नका असं कळवलं आहे. खिडकीवरच्या हवालदाराला हे माहीत असेलच असं नाही. लेखी अर्जात या पत्राचा उल्लेख करा.

कोणती कागदपत्रं लागतात? आमच्याकडे आधार कार्ड नाही.

सरकारी ओळखपत्र लागतं. आधार, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना यांपैकी एक, मूळ आणि झेरॉक्स दोन्ही. बंद्याचं पूर्ण नाव वडिलांच्या नावासकट, पोलीस ठाणं, गुन्हा क्रमांक आणि बंदी क्रमांक एका कागदावर लिहून खिशात ठेवा. एकाच नावाची माणसं मोठ्या कारागृहात बरीच असतात. ज्यांच्या नावाचं स्पेलिंग एफआयआरमध्ये वेगळं आणि आधारवर वेगळं, त्यांनी तर हा कागद विसरूच नये.

ओळखपत्रच नसणं हा पारधी आणि इतर भटक्या-विमुक्त वस्त्यांमधला रोजचा प्रश्न आहे. ऊसतोडीला गेलेल्यांचाही आहे. कागद नाही म्हणून आईला मुलगा दिसत नाही, ही गोष्ट कुठल्याच न्यायालयाच्या निकालात बसत नाही. अशा वेळी सरपंचाचा किंवा नगरसेवकाचा फोटोसह दाखला, रेशन कार्डावरचं नाव किंवा तहसीलदाराचा दाखला घेऊन अधीक्षकांना थेट भेटा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे वकील आणि स्वयंसेवक कारागृहात येत असतात, त्यांचं पत्र सोबत असेल तर काम लवकर होतं. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प 1990 पासून बंदी आणि त्यांच्या कुटुंबांसोबत काम करतो. त्यांचे समाजसेवकही कागदांची वाट दाखवतात.

ऑनलाइन नाव कसं लावायचं?

राष्ट्रीय कारागृह माहिती पोर्टलवर 'ई-मुलाकात' अशी सोय आहे. तिथे तुमचं नाव, पत्ता, ओळखपत्राचा क्रमांक, मोबाइल, आणि मग राज्य, कारागृह, बंद्याचं आणि त्याच्या वडिलांचं नाव भरायचं. मोबाइलवर ओटीपी येतो. प्रत्यक्ष भेट हवी की व्हिडिओवर, ते तिथेच निवडायचं. विनंती कारागृहाने मान्य केल्यावरच ती पक्की होते. नुसती नोंदणी करून गाडी पकडू नका. मान्यतेचा संदेश आला नसेल तर आधी कारागृहात फोन करा. मोबाइल फॉर्म भरणाऱ्याच्या हातात असावा लागतो, त्यामुळे सायबर कॅफेत किंवा सेतू केंद्रात दुसऱ्याचा नंबर देऊ नका. पुढचे सगळे संदेश त्याच नंबरवर जातात.

आत नेमकं काय होतं?

चिठ्ठी जमा करायची, नाव पुकारेपर्यंत थांबायचं. मोठ्या कारागृहात हे थांबणं तासन् तास चालतं, म्हणून पाणी आणि खायचं जवळ ठेवा. मोबाइल, पर्स, किल्ल्या बाहेर जमा कराव्या लागतात. काही ठिकाणी लॉकर असतात, काही ठिकाणी समोरचा पानवाला पैसे घेऊन फोन सांभाळतो.

मुलाखत कक्षात मध्ये काच किंवा जाळी असते आणि बहुतेक मध्यवर्ती कारागृहांत इंटरकॉमवर बोलायचं असतं. जाळीच्या जुन्या कक्षांत वीस-पंचवीस माणसं एकदम ओरडत असतात आणि निम्मं बोलणं ऐकूच येत नाही. म्हणून जायच्या आधी तीन-चार मुद्दे ठरवा: पुढची तारीख, वकिलाचं काय, पैसे, घरची खबर. उरलेल्या वेळात त्याला बोलू द्या.

कर्मचारी जवळ असतात, बोलणं ऐकलं जाऊ शकतं. खटल्यातल्या साक्षीदारांबद्दल किंवा "असं सांग, तसं सांग" या प्रकारचं काहीही तिथे बोलू नका. ते वकिलाचं काम आहे आणि वकिलाच्या भेटीला वेगळं संरक्षण आहे. गेटवर भाषेवरूनही कुरबुर होते. भामरागडच्या माडिया आईला नागपूरला यायला तीनशे किलोमीटरहून जास्त प्रवास करावा लागतो आणि तिथे "मराठीत किंवा हिंदीत बोला" ऐकावं लागलं, तर ती भेट झाली असं म्हणायचं कशाला? आईला दुसरी भाषा येतच नसेल तर तसं अर्जात आधीच लिहा आणि भाषा समजणारा कर्मचारी मागा.

मुलांना न्यावं का? जाळीआडून बाप दाखवणं बरं दिसत नाही.

हा निर्णय घरच्यांचा. कायदा मुलांना अडवत नाही, मोठ्या माणसासोबत मुलं येऊ शकतात. न्यायची असतील तर आधी खरं सांगून न्या. बाबा दुबईला गेले म्हणून सांगितलेलं मूल शाळेत दुसऱ्याच कुणाकडून खरं ऐकतं, तेव्हा ते फार वाईट असतं.

महाराष्ट्राच्या कारागृहांत 'गळाभेट' नावाचा उपक्रम होतो. त्या दिवशी शिक्षा भोगणाऱ्यांची लहान मुलं जाळीशिवाय, एकाच मांडवात आई-बापाजवळ बसतात, खाऊ खातात, मांडीवर चढतात. नागपूर, येरवडा, कोल्हापूर अशा ठिकाणी तो झालेला आहे. दिवस ठरलेला नसतो, त्यामुळे बंद्याने आत नाव द्यावं आणि तुम्ही चौकशी करत राहावं. खरं तर हे वर्षातल्या एखाद्या सोहळ्यापुरतं राहू नये. हारतुरे आणि फोटोंशिवाय दर महिन्याला झालं तर मुलांना त्याचा जास्त उपयोग.

आईच तुरुंगात असेल तर नियम वेगळे आहेत. आर. डी. उपाध्याय प्रकरणात 13 एप्रिल 2006 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिलं की सहा वर्षांपर्यंतचं मूल आईजवळ राहू शकतं, त्याला कैद्यासारखं वागवायचं नाही, त्याचं जेवण, औषधपाणी आणि शिक्षण ही राज्याची जबाबदारी. सहा पूर्ण झाल्यावर मूल आईच्या इच्छेप्रमाणे योग्य नातेवाइकाकडे किंवा संस्थेत जातं. संस्थेत ठेवलेल्या मुलाची आईशी आठवड्यातून किमान एकदा भेट व्हावी, असंही त्या निकालात आहे. हे शेवटचं वाक्य संस्थांना आठवण करून द्यावं लागतं, कारण मुलाला न्यायला गाडी नाही, सोबत माणूस नाही, अशी कारणं कायम तयार असतात.

झडती कुठपर्यंत घेऊ शकतात?

1894 च्या कायद्याचं कलम 41 स्पष्ट आहे. तुरुंगाधिकारी नाव-पत्ता विचारू शकतो, संशय असेल तर झडती घेऊ शकतो, पण ती कुठल्याही बंद्यासमोर किंवा दुसऱ्या भेटायला आलेल्या माणसासमोर घ्यायची नाही. बाईची झडती बाईनेच घ्यायची. तुम्ही नकार दिलात तर तो प्रवेश नाकारू शकतो, मात्र त्याचं कारण त्याला नोंदवावं लागतं. "नोंद करा आणि मला प्रत द्या" हे वाक्य आवाज न चढवता म्हटलं तरी बऱ्याचदा वागणं सुधारतं.

डबा, कपडे, औषधं, पैसे देता येतात का?

घरचा डबा सहसा नाही. कच्च्या कैद्याला स्वतःच्या खर्चाने अन्न-कपडे घेण्याची मुभा जुन्या कायद्यात होती, पण आज घरच्या जेवणासाठी बहुधा कोर्टाचा आदेश मागितला जातो आणि तो प्रामुख्याने आजारपणाच्या कारणावर मिळतो. कपडे कच्च्या कैद्याला देता येतात. किती जोड आणि कुठले चालतात, ते त्या कारागृहात विचारा. औषधं थेट हातात देता येत नाहीत. डॉक्टरांची चिठ्ठी आणि जुने रिपोर्ट कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडे पोचवा.

पैसे मनीऑर्डरने त्याच्या खात्यात जमा होतात आणि त्यातून तो कॅन्टीनमधून साबण, बिस्किटं, चहा घेतो. महिन्याची कमाल मर्यादा वेळोवेळी बदलते. पैसे मुलाखतीच्या वेळी रोख देण्याच्या फंदात पडू नका.

तंबाखूची पुडी, सिमकार्ड, चरस यांपैकी काहीही बिस्किटाच्या पुड्यात किंवा चपलेच्या तळव्यात घालून नेऊ नका, कितीही गयावया केली तरी. 1894 च्या तुरुंग कायद्याच्या कलम 42 प्रमाणे हा गुन्हा आहे आणि अमली पदार्थ असेल तर त्याचा वेगळा, फार जड कायदा लागतो. नवऱ्याला तंबाखू द्यायला गेलेली बायको आरोपी झाली की घर सांभाळायला कुणीच उरत नाही.

फोन, पत्र, व्हिडिओ कॉल?

मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे प्रत्यक्ष मुलाखती बंद झाल्या, तेव्हा व्हिडिओ कॉल आले आणि ते राहिले. लांबच्या कुटुंबांसाठी ही मोठी सोय आहे, पण ती प्रत्यक्ष भेटीला पर्याय म्हणून सुरू झाली नव्हती. "व्हिडिओवर बोललात ना, आता मुलाखत कशाला?" असं कुणी म्हणालं तर ते मान्य करू नका. फोनसाठी पूर्वी कॉइन बॉक्स होते, आता स्मार्ट कार्डवर चालणारे फोन आले आहेत. तुमचा नंबर बंद्याने नोंदवून, तो पडताळला गेल्यावरच कॉल येतो. नंबर बदलला तर लगेच कळवा. पत्रं अधिकारी वाचतात. तरीही पत्र लिहा: कॉल काही मिनिटांत संपतो, पत्र उशाशी राहतं.

"त्याची मुलाखत बंद केली आहे" असं सांगितलं. आता?

आधी कारण लेखी मागा. आत भांडण झालं, मोबाइल सापडला, अशा कारणांनी शिक्षा म्हणून सवलती काढल्या जातात. पण 1979 च्याच सुनील बत्रा निकालात सांगितलं आहे की सवलती काढून घेणं, अंधारकोठडी, शिक्षेसारखी बदली हे सत्र न्यायाधीशांच्या नजरेखालून गेल्याशिवाय करायचं नाही आणि तातडीचं असेल तर दोन दिवसांच्या आत त्यांना कळवायचं. संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर 2015 मध्ये मंजूर केलेल्या नेल्सन मंडेला नियमांपैकी त्रेचाळिसावा नियम याहून पुढे जातो: शिस्तभंगाची शिक्षा म्हणून कुटुंबाशी संपर्क तोडता येणार नाही, सुरक्षेसाठी आवश्यक असेल तर थोड्या काळापुरतं बंधन घालता येतं. हे नियम आपल्याकडे कायदा म्हणून लागू नसले तरी न्यायालयं त्यांचा दाखला घेतात.

पायऱ्या अशा. अधीक्षकांकडे लेखी अर्ज. मग त्या विभागाचे कारागृह उपमहानिरीक्षक, आणि त्यांच्या वर पुण्यातलं अपर पोलीस महासंचालक व कारागृह महानिरीक्षकांचं कार्यालय. सोबतच ज्या कोर्टात खटला आहे तिथे वकिलामार्फत अर्ज. कच्च्या कैद्याच्या बाबतीत हाच रस्ता बहुधा सगळ्यात जलद. पुढे राज्य मानवी हक्क आयोग आणि उच्च न्यायालयात रिट. वकिलाला पैसे नसतील तर विधी सेवा प्राधिकरणाच्या 15100 या क्रमांकावर फोन करा. कोठडीत असलेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क 1987 च्या विधी सेवा कायद्यात आहे. माणूस कुठे आहे, कसा आहे हेच कळत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करून त्यात जीवित आणि स्वातंत्र्याचा प्रश्न असल्याचं लिहा. अशा माहितीसाठी तीस दिवसांऐवजी 48 तासांची मुदत आहे.

नाव लवकर घेण्यासाठी पैसे मागितले.

देऊ नका, हे सांगायला सोपं आहे, आणि रात्रीच्या एसटीने आलेल्या बाईला पाळायला अवघड. तरी पर्याय माहीत असू द्या: लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा क्रमांक आहे. मुलाखतीला पैसे लागत नाहीत. मध्यस्थ म्हणून फिरणारा माणूस वकील असल्याचं सांगत असेल तर त्याच्याकडे सनद मागा.

त्याला मुंबईहून नागपूरला हलवलं. आता जायचं कसं?

गर्दी, सुरक्षा, गटबाजी अशी कारणं दिली जातात आणि कधी ती खरीही असतात. खटला चालू असेल तर मात्र कोर्टाची परवानगी लागते. 7/11 च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यातल्या आरोपींना आर्थर रोडहून राज्यातल्या इतर कारागृहांत हलवलं होतं, त्या प्रकरणात 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की कच्च्या कैद्याची बदली हे निव्वळ कारकुनी काम नाही, न्यायालयाने डोकं लावून द्यायचा तो आदेश आहे. म्हणजे बाजू मांडायची संधी हवी. अर्जात वृद्ध आई-वडील, लहान मुलं, भाड्याचा खर्च, वकिलाचं ठिकाण हे सगळं तपशिलाने लिहा.

शिक्षा लागलेल्यांची बदली प्रशासन करतं. घराजवळच्या कारागृहात परत आणण्यासाठी बंद्याने आतून आणि कुटुंबाने बाहेरून, असे दोन्ही अर्ज करावेत. शिक्षा दुसऱ्या राज्यात भोगत असेल तर 1950 च्या कैदी हस्तांतरण कायद्याखाली दोन्ही राज्यांची संमती लागते. वेळ लागतो, पण होतं.

घरात मृत्यू झाला किंवा लग्न आहे. त्याला बाहेर येता येईल का?

शिक्षा लागली असेल तर दोन प्रकारच्या रजा आहेत, 1959 च्या नियमांखालच्या. संचित रजा म्हणजे फर्लो: ठरावीक शिक्षा भोगल्यावर, वागणूक चांगली असेल तर, वेगळं कारण न देता मिळणारी, ते दिवस शिक्षेत धरले जातात. अभिवचन रजा म्हणजे पॅरोल: कारणाने मिळणारी, ते दिवस शिक्षेत धरत नाहीत. जवळच्या माणसाचा मृत्यू, मुला-मुलीचं किंवा भावा-बहिणीचं लग्न यांसाठी तातडीची अभिवचन रजा आहे. मृत्यूचा दाखला किंवा लग्नपत्रिका घेऊन त्याच दिवशी कारागृह गाठा. पोलीस ठाण्याच्या अहवालात वेळ जातो, म्हणून तिथेही माणूस पाठवा. अमुक कायद्यांखालच्या शिक्षांना यातल्या काही रजा मिळत नाहीत, ते वकिलाला विचारा.

2024 च्या जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर एक वेगळी विनंती आली. बंद्याचा मुलगा ऑस्ट्रेलियात शिकायला निघाला होता आणि बापाला त्याला निरोप द्यायचा होता. निरोप देणं हे पॅरोलचं कारण होऊ शकत नाही, असा सरकारचा मुद्दा होता. दुःख वाटून घ्यायला रजा मिळते तर आनंदासाठी का नाही, असं खंडपीठाने विचारलं आणि दहा दिवसांची रजा दिली. तुमच्या वकिलाला हा निकाल दाखवा.

कच्च्या कैद्याला या रजा नाहीत. त्याने कोर्टाकडे तात्पुरता जामीन किंवा पोलीस बंदोबस्तात अंत्यदर्शनाची परवानगी मागायची. बंदोबस्ताचा खर्च भरायला सांगितलं जाऊ शकतं. परवडत नसेल तर तेही अर्जात लिहा.

पती-पत्नींना एकांत मिळतो का?

महाराष्ट्रात अशी सोय नाही. पंजाबने सप्टेंबर 2022 मध्ये गोइंदवाल साहिबसह काही कारागृहांत स्वतंत्र खोलीत जोडीदाराच्या भेटीची योजना सुरू केली. त्याआधी 2014 मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने हा हक्क, मर्यादांसह, मान्य केला होता.

आपल्याकडे मात्र एक जुनी आणि विसरलेली गोष्ट आहे. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत आहे. औंध संस्थानाने 1939 साली ती सुरू केली. तिथे निवडक बंदी शेती करतात आणि कुटुंबासोबत राहू शकतात. भिंत नाही. ऐंशी वर्षांहून जास्त काळ हे चाललं आहे आणि तरीही त्याचा विस्तार का झाला नाही, हे मला न सुटलेलं कोडं आहे. खुल्या कारागृहासाठी पात्र ठरायला बरीच शिक्षा भोगलेली आणि वागणूक चांगली लागते. बंद्याला त्याची माहिती असेलच असं धरून चालू नका.

मला भेटायला जायचंच नसेल तर?

जाऊ नका. पत्नीला, बहिणीला, मुलीला कुणी जबरदस्ती करू शकत नाही, विशेषतः गुन्हा तुमच्याविरुद्धच असेल तेव्हा. सासरचे "तू आली नाहीस तर जामीन होणार नाही" म्हणत असतील तर त्यात तथ्य नाही. आतून फोनवर किंवा पत्रातून धमक्या येत असतील तर अधीक्षकांना लेखी कळवा आणि तुमचा नंबर त्याच्या यादीतून काढायला सांगा. उलट बाजूही आहे: बंदीसुद्धा मुलाखत नाकारू शकतो. लाजेने नाकारणारे बरेच असतात. एखाद-दुसऱ्या नकाराने खचून जाऊ नका, चिठ्ठी पाठवा.

आमचा माणूस परदेशातल्या तुरुंगात आहे.

1963 च्या व्हिएन्ना कराराचं कलम 36 भारतीय दूतावासाच्या अधिकाऱ्याला त्याला भेटण्याचा हक्क देतं. कुटुंबाच्या भेटीचे नियम त्या त्या देशाचे. या दोहोंतला फरक कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणात साऱ्या महाराष्ट्राने पाहिला. 25 डिसेंबर 2017 रोजी त्यांची आई आणि पत्नी इस्लामाबादला भेटल्या त्या काचेपलीकडून. भेटीआधी मंगळसूत्र, बांगड्या, टिकली उतरवायला लावली आणि आईला मराठीत बोलू दिलं नाही, असं आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने दुसऱ्या दिवशी सांगितलं. दूतावासाच्या अधिकाऱ्याला भेटू दिलं गेलं ते सप्टेंबर 2019 मध्ये, हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने त्याच वर्षी 17 जुलैला पाकिस्तानने कलम 36 मोडल्याचा निकाल दिल्यानंतर.

पालघर जिल्ह्यातल्या डहाणू-तलासरीकडचे खलाशी गुजरातच्या बोटींवर जातात आणि सागरी हद्दीवर पकडले जाऊन कराचीच्या मलीर तुरुंगात पोचतात. त्यांच्या घरच्यांना भेट जवळजवळ अशक्य असते. 2008 च्या करारानुसार दोन्ही देश दरवर्षी 1 जानेवारीला आणि 1 जुलैला कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. त्या यादीत नाव आलं का, हे मत्स्यव्यवसाय विभागाकडे आणि जिल्हाधिकारी कार्यालयाकडे विचारा. बोटीच्या मालकाकडून बोटीचा नोंदणी क्रमांक आणि खलाशाच्या ओळखपत्राची प्रत मागून घ्या. ओळख पटवण्याचं काम या कागदांशिवाय पुढे सरकत नाही.

आखाती देशात किंवा इतरत्र असेल तर परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार नोंदवा, पासपोर्टची प्रत जोडा आणि तक्रारीचा क्रमांक जपा. शिक्षा लागलेली असेल आणि त्या देशाशी करार असेल, जसा संयुक्त अरब अमिरातीशी आहे, तर 2003 च्या कायद्याखाली उरलेली शिक्षा भारतात भोगण्यासाठी अर्ज करता येतो. तो अर्ज कैद्याने स्वतः, तिथल्या तुरुंगातूनच करायचा असतो.